छातीवरचं नाव

लवकर येणारं हलकं धान कापून झालं की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस येतात. दिवाळी नुकतीच सरलेली असते. शेतातल्या बांध्यांमध्ये धानाचे खुंट उरलेले असतात आणि त्यांच्यामधून लाखोरीच्या डाळीची कोवळी पानं वर येत असतात. गावोगावी एकेक दिवस ठरवून मंडई भरते. रस्त्याच्या कडेला बायका शिंगाडे उकडायला मांडतात, जिलेबीच्या कढया चढतात, दंडारीच्या नाचगाण्याचे ढोल ऐकू येतात, लेकी माहेरी येतात. वर्षभर वाकलेली माणसं दोन-चार दिवस ताठ चालतात. मला मात्र याच दिवसांत पोटात बारीक कळ येते. मॅचच्या आधी यायची तशीच. आता माझे गुडघे जिना चढतानाही कुरकुरतात, तरी ती कळ काही म्हातारी झाली नाही.

परवा टीव्हीवर परदेशातली एक मॅच चालू होती. एक खेळाडू मैदानात उतरताना वाकला, गवताला बोट लावून ते ओठांना लावलं आणि आभाळाकडं पाहिलं. दुसऱ्यानं दोन्ही तळवे समोर धरून काहीतरी पुटपुटलं. दोघांच्याही छातीवर एका जुगाराच्या कंपनीचं नाव ठळक अक्षरांत लिहिलेलं. मी टीव्ही बंद केला. घरातले म्हणाले, रंगात आलेली मॅच काहून बंद केली. काय सांगणार? मला त्या मैदानात दसरथ दिसत होता.

आणीबाणी संपून एक-दोन वर्षं झाली असतील. साकोलीहून दोन कोसांवर आमचा मोहटोला. गावात शंभरेक घरं, गावाच्या वरच्या अंगाला तळं, आणि तळ्याच्या खाली आखर, म्हणजे सकाळी गुरं गोळा करायची मोकळी जागा. गुरं रानात गेली की तेच आमचं मैदान. गोलपोस्ट बांबूचे. बूट नव्हते, अनवाणीच खेळायचो. कापणीनंतर आखरावर धुळीचा, शेणाचा आणि नव्या तणशीचा मिळून एक वास असायचा. तो वास आला की पाय आपोआप धावू लागत.

आमच्या भागात तेव्हा कबड्डीच चाले. फुटबॉल आणला शाळेतल्या रहीम गुरुजींनी. ते कामठीचे. कामठीत म्हणे पोरं चालायला लागायच्या आधी चेंडूला लाथ मारतात. त्यांची बदली आमच्याकडं झाली तेव्हा सामानात एक ट्रंक, एक चटई आणि चामड्याचा एक फुटबॉल होता. संध्याकाळी सराव चालू असताना सूर्य बुडाला की ते शिट्टी चंपतच्या हातात देत, आखराच्या कडेला चटई अंथरून नमाज पढत, आणि परत येऊन जिथं सोडलं होतं तिथूनच ओरडायला लागत. आम्ही सगळे शेतकऱ्यांची पोरं, विशी-बाविशीची. आम्हांला त्याचं काही वाटत नसे. नमाज चालू असताना चेंडू त्या बाजूला जाऊ नये, एवढंच आम्ही पाहत असू.

चंपत माझा चुलतभाऊ, आमचा गोलकीपर. नांगर धरून धरून त्याचे पंजे एवढे झाले होते की चेंडू एका हातात मावे. मी कॅप्टन. आणि पुढं खेळणारा, गोल करणारा, दसरथ. तो मधली काही वर्षं कामासाठी साकोलीला होता. तिथून परत आला तो गळ्यात तुळशीची माळ घालूनच. कोणाची दीक्षा, कधी घेतली, ते फारसं बोलला नाही. मांस सोडलं, मंडईतला तमाशा सोडला, दारूचा तर प्रश्नच नव्हता. रोज सकाळी तळ्यावर आंघोळ करून तो देवळात खंजेरी घेऊन बसे. मॅचच्या आधी माळ बनियनच्या आत सारून वरून एक फडकं बांधे, म्हणजे ती कोणाच्या हाताला लागून तुटू नये.

त्याचा धर्म आम्हांला पहिल्यांदा अडला तो हेडिंगच्या वेळी. चेंडू उंच आला की दसरथ डोकं बाजूला घ्यायचा. गुरुजी चिडले. तेव्हा तो खाली पाहत म्हणाला, ‘‘गुरुजी, चामडं आहे. पायाले चालते. डोक्याले कसं लावू?’’

आम्ही हसलो. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, ‘‘दसरथ, तेरी खंजेरी को क्या लगा है? वो भी चमडा ही है ना? भजनात छातीशी धरतोस.’’

दसरथ सदरा उचलून घरी गेला. दोन दिवस सरावाला आलाच नाही. आम्हांला वाटलं, गेला हा. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, ‘‘विचार केला, गुरुजी. तुमचं बरोबर आहे.’’ आणि पहिलाच उंच चेंडू त्यानं डोक्यानं बांबूच्या आत मारला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. पुढं आम्ही सगळ्यांनी त्याला हटवादी म्हटलं. तो हटवादी नव्हता. सांगितलेलं पटलं तर तो बदलत होता, पण दोन दिवस घेत होता.

त्या वर्षी साकोलीला मंडईच्या निमित्तानं फुटबॉलची टुर्नामेंट ठेवली होती. आंधळगावची टीम येणार, लाखांदूरकडची एक टीम एसटीनं येणार, अशी हवा. अट एकच होती, टीमचा शर्ट एकसारखा पाहिजे आणि पाठीवर नंबर पाहिजे. आमच्याकडं अकरा रंगांची अकरा बनियनं होती, आणि त्यातल्या निम्म्यांना भोकं. गुरुजींनी शर्ट शिवायला सगळ्यांची जुनी धोतरं गोळा करून निळीत बुडवून पाहिली. कुठं आकाशी, कुठं जांभळा, कुठं डाग. आम्ही त्या दोरीवरच्या धोतरांकडं पाहत उभे होतो.

मग केशवराव ठेकेदाराचा निरोप आला.

केशवरावाचं साकोलीत देशी दारूचं दुकान होतं. सरकारी परवान्याचं, रीतसर. माणूस दिसायला देवमाणूस. कपाळाला गंध, पांढरं धोतर, मृदू बोलणं. मी आणि चंपत गेलो तेव्हा त्यांनी आम्हांला खुर्च्यांवर बसवलं, चहा दिला. म्हणाले, ‘‘आपल्या भागातली पोरं फाटक्या बनियनीवर खेळतात, मले पाहवत नाही, बाप्पा.’’ आणि त्यांनी एक गठ्ठा सोडला. गर्द निळे शर्ट, पिवळी कॉलर, पाठीवर पिवळे नंबर. मी एक उचलून चेहऱ्याजवळ धरला. नव्या कापडाचा तो खळीचा वास मला आजही आठवतो. छातीवर वाटोळ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मोरपीस’.

मोरपीस हे त्यांच्या दुकानात खपणाऱ्या दारूचं नाव होतं. चंपतनं माझ्याकडं पाहिलं, मी चंपतकडं.

‘‘नाव तं देवाच्या मुकुटातलंच आहे,’’ केशवराव हसून म्हणाले. ‘‘त्यात वाईट काय आहे?’’

वाईट काय आहे, हे मलाही सांगता आलं नसतं. आमच्या गावात मोहाची दारू घरोघरी निघत होती. सणावाराला थोडी घेतली तर कोणी नाव ठेवत नसे. मग छापील नावाची दारू वेगळी कशी? सायकलवर गठ्ठा बांधून परत येताना मी चंपतला हेच पटवत होतो. तो म्हणाला, ‘‘मले काहून समजावून राहिला? मले तं एक नंबरचा शर्ट पाहिजे.’’ खरं तर मी स्वतःलाच समजावत होतो. समोर दसरथचा चेहरा होता.

आखरावर गठ्ठा सोडला तेव्हा पोरांनी एकच झुंबड केली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं आणि हसले. दसरथनं नऊ नंबरचा शर्ट हातात घेतला, छातीवरचं नाव वाचलं, आणि घडी करून माझ्या हातात दिला.

‘‘मी हा नाही घालत, मोरेश्वर.’’

‘‘दोन दिवस विचार कर. चामड्यासारखा.’’

‘‘याच्यात विचार करायसारखं काही नाही,’’ तो म्हणाला.

त्यानंतरचे आठ दिवस मला नीट झोप आली असं आठवत नाही. शेतात उशिरा येणारं भारी धान उभं होतं. कापणीला माणसं कमी, घरी बाबा चिडलेले, आणि माझ्या डोक्यात फक्त नऊ नंबर. दसरथ सरावाला येत होता, गोल करत होता, शर्टाबद्दल अक्षर काढत नव्हता. टीममध्ये दोन तट पडले. कोणी म्हणे, त्याला समजाव. कोणी म्हणे, एवढा पवित्र आहे तर बसू दे देवळात. बांधीत कापणी करतानाही तीच चर्चा. विळे खरखर चालत आणि मधेच कोणीतरी म्हणे, ‘‘आपण काय नरकात जाणार आहो का मग, शर्ट घालून?’’ खरं दुखणं तिथं होतं. तो आम्हांला काहीच म्हणत नव्हता, आणि तरी त्याच्या न घालण्यानं आमचं घालणं उघडं पडत होतं.

मी गुरुजींना म्हटलं, तुम्ही सांगा त्याला. ते चेंडूची नाडी घट्ट करत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘कॅप्टन कोण आहे? तू का मी?’’ मला वाटलं, ते अंग काढून घेत आहेत. मी त्यांच्यावरही मनातून चिडलो.

टुर्नामेंट सुरू झाली. पहिल्या दोन मॅच लहान टीमशी होत्या. दोन्ही वेळा दसरथनं पाय मुरगळल्याचं कारण सांगितलं आणि बाहेर बसला. ते कारण मीच त्याला सुचवलं होतं. आम्ही कसेबसे जिंकलो. फायनल आंधळगावशी पडली. त्यांचा बॅक एवढा दांडगा होता की दसरथशिवाय त्याच्या बाजूनं चेंडू जाणार नाही, हे कोणालाही दिसत होतं. फायनलच्या आदल्या दिवशी मी त्याच्या अंगणात गेलो. त्याची बहीण जना सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी काही बोलायच्या आत दसरथच म्हणाला, ‘‘मी उद्या खेळतो. जनानं तोड काढली आहे.’’

जनानं शर्ट आणून दाखवला. उलटा केलेला. पाठीवर, उलट्या बाजूनं, तिनं पिवळ्या फडक्याचा नऊ शिवला होता. टाके बारीक आणि सरळ. नाव आतल्या बाजूला गेलं होतं. नाव आणि अंग यांच्यामध्ये तो जुनं बनियन घालणार होता. रंग तोच, नंबर तोच. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी जनाच्या हातचा गूळ-पोह्याचा वाटीभर खाऊ खाऊन हसत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानाच्या चारही बाजूंना माणसं. बैलगाड्यांवर उभी, झाडांवर चढलेली. रेफरीनं दसरथचा शर्ट पाहिला, नंबर पाहिला आणि म्हणाला, ‘‘मले काही अडचण नाही.’’ मी टीम घेऊन उतरणार, तेवढ्यात केशवरावांनी मला मंडपात बोलावलं. ते पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले होते. आवाज तसाच मऊ.

‘‘कॅप्टन, त्या नऊ नंबरवाल्यानं शर्ट उलटा घातला आहे.’’

‘‘तो माळकरी आहे, साहेब. खेळू द्या. रेफरी हो म्हणाला.’’

‘‘खेळू दे ना. मी कोण नाही म्हणणारा? पण नंतर फोटो निघेल. चार लोक विचारतील, केशवरावाचा शर्ट उलटा काहून? मले कसं वाटेल?’’ मग ते म्हणाले, ‘‘पुढल्या साली तुम्हाले बूट द्यायचं माझ्या मनात होतं.’’

बूट. आमच्यापैकी कोणी फुटबॉलचे खरे बूट पायात घातले नव्हते. कामठीच्या खेळाडूंच्या पायात ते असतात, असं गुरुजींनी सांगितलेलं. मंडपातून मैदानापर्यंत वीस-पंचवीस पावलं असतील. तेवढ्यात माझा निर्णय झाला. कोणी मला धमकी दिली नव्हती, कोणी हात धरला नव्हता. तेवढी पावलं मी माझ्याच पायांनी चाललो.

‘‘दसरथ, सुलटा घाल. नाही तं बैस.’’

त्यानं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता, हे मला आजही बोचतं. त्यानं शर्ट काढला, त्याची घडी केली, माझ्या हातात ठेवली आणि बनियनवरच जाऊन गोलपोस्टच्या मागं बसला.

मॅच आम्ही जिंकलो. एक-शून्य. गोल असा झाला की सांगायलाही लाज वाटावी. धक्काबुक्कीत चेंडू कोणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला. पण मॅच जिंकवली चंपतनं. आंधळगावच्या पोरांनी त्याच्यावर चेंडूंचा मारा केला. एकही चेंडू त्याच्या पंजातून सुटला नाही. शेवटच्या मिनिटाला तो आडवा उडाला आणि दोन्ही हातांत चेंडू घेऊन जमिनीवर पडला, तेव्हा मैदानातून असा आवाज उठला की बैल बुजले. गोलच्या मागं बसलेला दसरथ धावत आला आणि सगळ्यांत आधी त्यानंच चंपतला उचललं.

फोटो निघाला. मधे केशवराव, हातात ढाल. दोन्ही बाजूंना आम्ही, छाती पुढं काढून. दसरथ नाही. संध्याकाळ व्हायच्या आत केशवरावांनी सांगितलं, शर्ट घालून जो दुकानावर येईल त्याची आज पहिली बाटली माझ्याकडून. बहुतेक जण गेले. मी गेलो, एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. चंपत माझ्याशेजारी बसला होता. लोक येऊन त्याचे हात हातात घेत होते, पाठ थोपटत होते, पेला भरत होते. एवढं कौतुक त्याचं जन्मात झालं नव्हतं.

उन्हाळ्याच्या आत मोहटोल्याच्या फाट्यावर, जिथं एसटी थांबायची तिथं, मोरपीसचं दुकान निघालं. ग्रामपंचायतीत फारसा विरोध झाला नाही. आपल्या पोरांना शर्ट देणारा माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं? दुकानात समोरच्या भिंतीवर आमचा फोटो, काचेत मढवून. चंपत रोज जाऊ लागला. आधी शर्ट घालून, मग कसाही.

पावसाळा लागायच्या आधी रहीम गुरुजींची बदली झाली. त्यांना फाट्यावर सोडायला मी ट्रंक घेऊन गेलो होतो. एसटीची वाट पाहत आम्ही दुकानासमोरच उभे होतो, दारातून फोटो दिसत होता. गुरुजी म्हणाले, ‘‘नीट बघ, मोरेश्वर. मी कसा उभा आहे?’’

मी आत जाऊन पाहिलं. गुरुजींनाही केशवरावांनी एक शर्ट घालायला लावला होता. पण फोटोत त्यांनी चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. नाव पूर्ण झाकलेलं.

‘‘दारू मेरे लिए भी हराम है, बेटा,’’ ते म्हणाले. ‘‘तू आठ दिवस दसरथच्याच शर्टाची काळजी करत होतास. मला एकदा तरी विचारलंस का, गुरुजी, तुम्हांला चालतं का? और मैं भी चूप रहा. मला वाटलं, परका माणूस आहे मी इथं, पोरांचा खेळ कशाला मोडू.’’ एसटी आली. ट्रंक वर चढवताना ते एवढंच म्हणाले, ‘‘दसरथ नहीं चूप रहा. वो बडा खिलाडी है.’’

पुन्हा धान पिकलं, पुन्हा मंडया आल्या. मी पोरांना सांगून ठेवलेले बूट काही आले नाहीत, आणि मी आठवणही करून दिली नाही. आम्ही त्याच शर्टांवर, आता विटलेल्या, एका गावच्या मंडईत खेळायला गेलो. दसरथ येत नव्हता. त्याला बोलवायचं तोंड मला नव्हतं. पहिल्या हाफमध्ये समोरच्या पोरानं लांबून एक साधा, जमिनीवरून येणारा चेंडू मारला. लहान लेकरानं अडवावा असा. चंपत वाकला, दोन्ही हात खाली नेले, आणि चेंडू त्याच्या पंजांमधून निसटून मागं गेला. लोक हसले. चंपत वळला नाही. गुडघ्यांवर बसून तो आपल्या हातांकडं पाहत राहिला. मी धावत गेलो तेव्हा दिसलं, हात थरथरत होते. थंडी नव्हती. भर दुपार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दसरथच्या खळ्यावर गेलो. तो आणि जना धानाच्या पेंढ्या रचत होते. मला पाहून जना पाणी आणायला घराकडं गेली. मी बराच वेळ पेंढ्या उचलून देत राहिलो. शेवटी म्हटलं, ‘‘चंपतचे हात पाहिले का?’’

‘‘पाहिले. दिवाळीतच पाहिले,’’ तो म्हणाला. ‘‘माझे असेच होते.’’

मला कळलं नाही. त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला.

‘‘साकोलीले राईस मिलमध्ये होतो मी. दोन वर्षं. फाटकासमोर केशवरावाचं दुकान. पहिले पाठ दुखते म्हणून प्यालो, मग सुटी आहे म्हणून, मग कायले प्यालो ते आठवतबी नव्हतं. सकाळी चहाचा कप धरला तं अर्धा चहा अंगावर सांडे. मिलवाल्यानं काढून टाकलं. जनाले माहीत आहे, बाकी गावात कोणाले नाही. एक कीर्तनकार बुवा होते तिथं, त्यांनी माळ घातली गळ्यात. म्हणाले, दिवसातून शंभर वेळा हात लाव हिले. मी दोनशे वेळा लावतो.’’

मी त्याच्या समोर खळ्यातच बसलो.

‘‘तुम्हाले वाटलं, मी धरमाचा लय पक्का आहे,’’ दसरथ म्हणाला. ‘‘पक्का असतो तं घातला असता तो शर्ट. कापडच तं होतं. मी कच्चा होतो म्हणून नाही घातला. ते नाव अंगावर चढलं असतं तं त्याच दिवशी मी दुकानात गेलो असतो.’’

‘‘तू मले सांगायचं होतं, दसरथ.’’

‘‘कसं सांगू? तू तं बुटाकडं पाहून राहिला होतास.’’ मग त्यानंच विषय तोडला. ‘‘चंपतले उद्या सकाळी माझ्याकडं धाड. तळ्यावर. येत नसन तं मी घेऊन जातो.’’

तो खरंच घेऊन जात राहिला. थंडीत, धुक्यात, चंपतच्या शिव्या खात. चंपतनं माळ घातली आणि होळीला तोडली. पुन्हा घातली, पुन्हा तोडली. तिसरी टिकली, पण त्याला पाच-सहा वर्षं लागली, आणि तोवर त्याचं शेत, बायको आणि पुष्कळसं शरीर त्याच्या हातून गेलं होतं. गोलमध्ये तो परत कधी उभा राहिला नाही. फाट्यावरचं दुकान बायकांनी एकजूट करून उठवलं, तेव्हा सगळ्यांत पुढं जना होती. लोक आजही म्हणतात, माळेनं चंपत वाचला. मी ते खोडत नाही. मी फक्त मनात दसरथचं नाव जोडतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या खळ्यावरच्या सकाळनंतरचं. तिथून मी तडक फाट्यावर गेलो. दुकान नुकतंच उघडलं होतं. मी खिळ्यावरून फोटो काढला. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, ‘‘ठेकेदाराले विचारलं का?’’ मी म्हटलं, ‘‘यात आम्ही आहो. ठेकेदाराले सांग, मोरेश्वरनं नेला.’’ त्यानं अडवलं नाही.

फोटो तर काढला, आता न्यायचा कुठं? माझ्या घरी नको वाटत होता. फोडून टाकावा, तर त्यात चंपत एवढा देखणा उभा होता, ते पंजे कमरेवर ठेवून, की हिंमत होईना. शेवटी चंपतच्या घरी गेलो. तो आत झोपलेला होता. काकू, त्याची माय, अंगणात एकटी बसली होती. तिनं काच पदरानं पुसली आणि लेकाच्या चेहऱ्यावर बोट ठेवून बराच वेळ पाहत राहिली. काकूला लिहिता-वाचता येत नव्हतं.

‘‘वर्षभर धुतला हा शर्ट मी,’’ ती म्हणाली. ‘‘पण कोणाले विचारलंच नाही. याच्या छातीवर काय लिहिलं आहे रे, मोरेश्वर?’’

आत चंपत खोकला. मी अंगणातल्या तुळशीकडं पाहत म्हणालो, ‘‘गावाचं नाव आहे, काकू.’’

‘‘हो का,’’ ती हसून म्हणाली. त्या घरात कित्येक महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. ‘‘मंग काढलं तं माझ्या लेकरानं गावाचं नाव.’’